डाव्या सीटवरची गोणी

९ फेब्रुवारी २०२१. हॉट प्रेस रिकामं करत होते.

हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. आयर्लंडमध्ये प्रत्येक घरात असतं. टॉवेल, चादरी, कधीच पूर्ण न वाळणारे मोजे, सगळं तिथे. टाकीमागे पाणी झिरपत होतं म्हणून मी सगळं बाहेर काढलं होतं. तळाशी माझे गणवेशाचे पांढरे शर्ट निघाले. खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या तशाच. कंपनी बंद पडली त्या दिवशी काढून ठेवले होते ते.

फोन वाजला. स्पीकरवर टाकला आणि फडकं पिळत राहिले.

ओर्ला बोलत होती. मालवाहू विमानं चालवणाऱ्या एका कंपनीची भरती ती बघायची. कोविडमुळे प्रवासी विमानं जमिनीवर होती, पण माल उडत होता. त्या कंपनीला फर्स्ट ऑफिसर हवे होते. मी कॅप्टन होते, तरी खालच्या जागेसाठी अर्ज केला होता. आमच्या धंद्यात कंपनी बदलली की माणूस रांगेच्या शेवटी जातो. आधी कुठे काय होतात ते मोजत नाहीत. ते मला मान्य होतं.

"तुझा अनुभव जबरदस्त आहे," ओर्ला म्हणाली. "खरं सांगू? तोच जरा अडचणीचा आहे."

"म्हणजे?"

"मी वय विचारत नाहीये हं. तशी परवानगीच नाही. मी फक्त एवढंच विचारतेय, उडायची किती वर्षं उरलीत?"

पासष्टला थांबावं लागतं. मी बावन्नची. वजाबाकी तिलाही येत होती.

"तेरा."

"हं. आणि कॅप्टन राहिलेली माणसं फर्स्ट ऑफिसरच्या सीटवर बसवली ना, की गप्प बसत नाहीत. पोरं कशी, शिकवू तशी शिकतात."

मी फडकं बादलीत टाकलं. काही बोलले नाही. म्हणजे गप्प बसून दाखवलं.

मग ती म्हणाली, "गुरुवारी सँट्रीला सिम्युलेटरवर येशील? परीक्षक असतील, चीफ पायलट असतील. तुला बघतील तरी."

मी हो म्हणाले. कपाटात चादरी परत रचल्या. शर्ट बाहेर ठेवला.

---

पायलट नसलेल्या माणसाला सांगायला हवं, नोकरी गेली की आमचं काय काय जातं.

लायसन्स राहतं. पण एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचा परवाना दर वर्षी सिम्युलेटरमध्ये परीक्षा देऊन जिवंत ठेवावा लागतो. नोकरी असेल तर ती परीक्षा कंपनी घेते. नोकरी नसेल तर स्वतः सोय करा. तिचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. माझा परवाना मेअखेर संपत होता. परवाना संपला की कुठलीही कंपनी अर्ज उघडूनसुद्धा बघत नाही. बावन्न वर्षांची, बेकार, आणि वर परवाना मेलेला. त्यानंतर दार नाहीच.

म्हणून त्या गुरुवारसाठी मी तयारी केली. कॉकपिटचं कागदी पोस्टर मिळतं, सगळी बटणं जागच्या जागी छापलेली. ते मी बेडरूमच्या कपाटाच्या दाराला चिकटवलं. खुर्ची पुढे ओढायची आणि कागदावर हात फिरवायचे. हाताला जागा आठवायला हव्यात. सुनील, माझा नवरा, सँडीफोर्डच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तेव्हा घरूनच काम चालू होतं. संध्याकाळी मीटिंगा संपल्या की तो चेकलिस्ट वाचून दाखवायचा.

"फ्लॅप्स?"

"अरे, प्रश्नासारखं नको म्हणूस. कांद्याचा भाव विचारल्यासारखं वाटतं."

"मग कसं म्हणू?"

"सांगितल्यासारखं."

"तुझ्याशी सांगितल्यासारखं बोलायची मला सवय नाही," तो म्हणाला. हसलो दोघं. शेवटचं हसलो ते तेव्हाच असावं.

गुरुवारी एम फिफ्टी, डब्लिनभोवतीचा हमरस्ता, रिकामा होता. सगळं बंद असल्याचे दिवस. सँट्रीला पोचले. चार पट्ट्यांचा शर्ट घातला नव्हता, साधा पांढरा घातला. आगाऊ वाटायला नको.

सिम्युलेटर म्हणजे हायड्रॉलिक पायांवर उभी असलेली मोठी पांढरी पेटी. आत खरं कॉकपिट. दोन सीट. डावी कॅप्टनची, उजवी फर्स्ट ऑफिसरची. परीक्षक मागे बसतो. पूल ओलांडून आत जायचं, मग पूल वर उचलला जातो आणि पेटी हलायला लागते.

परीक्षक म्हणाला, "तू डावीकडे बस."

डावीकडे. माझी सीट. वाटलं, यांनी माझे कागद नीट वाचलेत.

उजवीकडे एक पोरगा आला. नुकताच फ्लाइंग स्कूलमधून बाहेर पडलेला, बूट चकाचक. त्याचे वडील कॅप्टन, हे त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं. परीक्षकानं त्याच्याकडे बघून सगळं समजावलं. मग माझ्याकडे वळला.

"तू आपणहून काही करायचं नाही. सुचवायचं नाही. तो सांगेल तेवढंच करायचं."

मला वाटलं, तीच परीक्षा. कॅप्टन गप्प बसते का ते बघतायत. मी बसले गप्प. अख्खं सेशन. पोरगा धावपट्टीवर तिरका उतरला तरी तोंडातून शब्द नाही. हात मात्र आपोआप पुढे गेले होते. मी ते मांडीवर ठेवले.

पूल खाली आला. आमच्याकडे एक रीत आहे. उड्डाण चांगलं होवो, वाईट होवो, नंतर दोघंही पायलट एकत्र बसतात आणि काय झालं ते बोलतात. डिब्रीफ म्हणतात त्याला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कधी त्या खोलीबाहेर राहिले नव्हते. परीक्षक, चीफ पायलट आणि पोरगा आत गेले. मी मागोमाग निघाले. ओर्लानं दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"तुझं झालं. कँटीनमध्ये चहा आहे."

"माझा निकाल?"

"अगं नाही, तुझं नाव परीक्षेत नव्हतंच. तू सपोर्ट होतीस. एक सीट रिकामी ठेवून सिम्युलेटर चालवता येत नाही ना. यू वेअर ग्रँड."

दार लागलं.

मी चहा घेतला नाही. गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

---

घरी सांगितलं. मुलगी बारावीच्या वयाची. मराठी सगळं समजतं, उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत येतं.

"दॅट्स नॉट अ जॉब, आई," ती म्हणाली. "दॅट्स अ क्रॅश टेस्ट डमी."

मी तिला गप्प केलं. पोरीनं बरोबर शब्द शोधला होता म्हणून जास्तच जोरात.

पण मला त्याहून जुना शब्द माहीत होता. गोणी.

मी एकवीस वर्षांची होते. समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीवर फ्लाइंग शिकायला गेले होते. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आई घरी मशिनवर गाद्यांच्या खोळी शिवायची. क्लब आमच्या गावापासून दोन जिल्हे लांब. आता बंद पडलाय. तिथे बाकीची पोरं बिल्डरांची, डॉक्टरांची. मी एकटी मुलगी आणि एकटी शिष्यवृत्तीवाली. पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टरनं सगळ्यांसमोर आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. "सरकारी सून आली."

सगळे हसले. ते नाव चिकटलं. "सरकारी सूनबाई, विमान धुवायचंय." "सूनबाई, कागद आणा." मी विमान धुवायची, कागद आणायची.

इन्स्ट्रक्टर स्वतः जाडजूड. बिल्डरचा पोरगा त्याहून जाड. दोघं पुढे बसले की लहान विमानाचं नाक जड व्हायचं. मागे वजन ठेवावं लागायचं. त्यासाठी वाळूची एक गोणी होती. एक दिवस ती फाटली. वाळू सगळी सांडली.

इन्स्ट्रक्टरनं माझ्याकडे बघितलं. "तू बस मागे."

मला वाटलं, मला उड्डाण दाखवणार. मी आनंदानं चढले. मागच्या सीटवरून बघितलं, ऐकलं. उतरल्यावर विचारलं, "सर, हे माझ्या लॉगबुकात कसं लिहायचं?"

तो बिल्डरच्या पोराकडे बघून म्हणाला, "गोणीचं लॉगबुक असतं का रे?"

त्यानंतर अख्खा पावसाळाभर मी गोणी होते. माझ्या उड्डाणाची पाळी आली की पेट्रोल नसायचं, हवा खराब असायची. त्यांच्या पाळीला सगळं असायचं आणि मागे मी असायची.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती रडली नाही. आमच्या घरात रडायची पद्धत नव्हती. तिनं विचारलं, "केवढी होती गोणी?" मी हातानं दाखवलं. तिनं जुनी ताडपत्री काढली, दुहेरी घडी घातली आणि मशिनच्या दोन सुया मोडून एक गोणी शिवली. कडांना तिप्पट टीप. मी ती एसटीनं घेऊन गेले. क्लबमागच्या नाल्यातली वाळू तिच्यात भरली. ओढत आणली आणि विमानाच्या मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावला.

इन्स्ट्रक्टर आला. बघितलं.

"माहेरचा आहेर आणला वाटतं, सूनबाई?"

"हो सर," मी म्हणाले. "आता गोणी आहे. मी पुढे बसणार."

तो हसला नाही. त्या दिवशी त्यानं मला उडू दिलं नाही. त्या आठवड्यातही नाही. पण मागे बसायला पुन्हा कधी सांगितलं नाही. सांगायला कारणच उरलं नव्हतं.

हे मी विसरले होते. चार पट्ट्या खांद्यावर आल्या की बरंच विसरायला होतं.

---

ओर्लाचा पुन्हा फोन आला. मी पुन्हा गेले.

का गेले? सांगते. ती म्हणाली होती, "परीक्षक म्हणत होते, तू येत राहिलीस तर एखाद्या सेशनच्या शेवटी तुझ्या परवान्याची परीक्षा उरकून देतील. मेच्या आधी. फुकट." आणि भरती पुन्हा निघाली की पहिलं नाव माझं.

फेब्रुवारी गेला. मार्च गेला. मी जात राहिले. प्रत्येक वेळी डावी सीट, प्रत्येक वेळी उजवीकडे नवा पोरगा. सेशनच्या शेवटी मी परीक्षकाकडे बघायची. तो घड्याळाकडे बघायचा. "आज नको. पुढच्या वेळी."

मे संपला की मी गोणी म्हणूनही चालणार नव्हते. या गोणीला चालू परवाना लागायचा.

तिथे पॅट भेटला. पॅट माझ्याच बंद पडलेल्या कंपनीतला कॅप्टन. केरीतला, ट्रलीजवळचा. एकोणसाठचा. आता सुपरमार्केटची व्हॅन चालवून घरोघर किराणा पोचवत होता आणि मधल्या वेळात येऊन डाव्या सीटवर बसत होता. त्यालाही तेच वचन. त्याच्यासारखे आणखी असणार, कारण सेशन रोज चालू होती आणि मी आणि पॅट मिळून रोज नव्हतो.

"हाउ आर यू, कॅप्टन?" पार्किंगमध्ये तो ओरडायचा.

"तू कसा आहेस?"

"फर्निचर आहे मी. डाव्या बाजूचं. आणि तू?"

"मीपण."

"आपल्याला विकायला काढतील तेव्हा जोडी म्हणून काढतील," तो म्हणायचा. "चांगला भाव येईल."

तो हसायचा. त्याची व्हॅन थंड असायची, मागे कोणाचं तरी दूध आणि बटाटे असायचे. एकदा तो हसता हसता थांबला. म्हणाला, "गेल्या आठवड्यात एका घरी पिशव्या द्यायला गेलो. दार उघडणारा माझ्या हाताखाली फर्स्ट ऑफिसर होता. त्यानं मला टिप दिली."

"घेतलीस?"

"घेतली."

तो व्हॅनचं मागचं दार लावायला गेला.

घरी सुनील म्हणायला लागला होता, "पुरे आता. काहीतरी दुसरं बघ." मला झोप नव्हती. जेवण नकोसं झालं होतं. बेडरूमच्या दारावरचं पोस्टर कोपऱ्यातून सुटत चाललं होतं, मी रोज ते चिकटवायची. इथल्याच एका ओळखीच्या, मूळच्या कोथरूडच्या बाई मला फिरताना म्हणाल्या, "अगं, एवढी वर्षं केलंस ना एन्जॉय? आता नवरा कमावतोय, बस निवांत. आणि तुम्हाला काय, आधीपासून सवलतीच होत्या." मास्कमागे त्यांचं तोंड हसत होतं हे डोळ्यांवरून कळलं. मी पुढे चालत गेले.

---

एप्रिलच्या शेवटी ओर्लाचा फोन आला. "उद्या ये. उद्या सेशननंतर तुझी परीक्षा नक्की. लिहून ठेवलंय."

त्या रात्री मी जेवले.

सकाळी सँट्रीला पोचले. त्या दिवशीचा उमेदवार चीफ पायलटचा पुतण्या होता. ते लपवायचा कोणी प्रयत्न केला नाही. चीफ पायलट स्वतः मागे बसला होता, परीक्षकाच्या शेजारी, कॉफी घेऊन. पोरगा वाईट नव्हता. मला "गुड मॉर्निंग, कॅप्टन" म्हणाला. इतक्या उमेदवारांत तसं म्हणणारा तो एकटा.

परीक्षक माझ्या कानाशी वाकला. "आज जरा सहज जाऊ दे. मग तुझं करू."

मला सगळं समजलं. मी मान हलवली. हो, हलवली.

सेशनचा दुसरा भाग. विमान उडवायचं काम त्या वेळेपुरतं माझ्याकडे होतं, बिघाड हाताळायचं काम त्याच्याकडे. परीक्षकानं उजव्या इंजिनाला आग लावली. घंटा वाजली, लाल दिवा लागला.

इथे आमची एक पद्धत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जळणारं इंजिन बंद करायचं तर कुठलाही पायलट एकट्यानं दांडा ओढत नाही. एक जण दांड्यावर हात ठेवतो आणि मोठ्यानं सांगतो, कुठलं इंजिन. मग थांबतो. दुसरा पायलट त्याच्या हाताकडे बघतो. हात बरोबर दांड्यावर असेल तरच म्हणतो, "कन्फर्म." तो शब्द आल्याशिवाय हात हलत नाही. घाईत माणूस चांगलं चालणारं इंजिन बंद करून बसतो, म्हणून ही पद्धत. विमानात दोन माणसं का असतात, याचं उत्तर त्या एका शब्दात आहे.

पुतण्यानं हात ठेवला. डाव्या इंजिनाच्या दांड्यावर. चांगल्या इंजिनाच्या.

"इंजिन वन. कन्फर्म?"

मी त्याच्या हाताकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं हात उचलला. बावरला. परीक्षकानं सिम्युलेटर थांबवलं. घंटा बंद झाली. दिवे तसेच जळत राहिले.

"तू त्याला सांगितलंस," परीक्षक म्हणाला.

"त्यानं विचारलं. मी बघितलं. उत्तर दिलं."

"सपोर्टनं उमेदवाराला मदत करायची नाही."

"ही मदत नाही. ही पद्धत आहे."

मागून चीफ पायलट म्हणाला, "ते जाऊ दे, पुसून टाक. पुन्हा घेऊ." पुतण्याच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. "या वेळीसुद्धा उजवंच असेल."

परीक्षक माझ्याकडे वळला. आवाज मऊ केला. "आणि या वेळी त्याचा हात कुठेही असो, तू फक्त 'कन्फर्म' म्हण. आपल्याला वेळेत संपवायचंय. तुझंही करायचंय ना आज?"

मी पुढे बघत होते. समोरच्या पडद्यावर ढग होते, थांबलेले.

मला माझा परवाना दिसत होता. खरंच दिसत होता. एक सही, एक तारीख, आणि आणखी एक वर्ष. एक शब्द म्हणायचा होता. पेटी खोटी, आग खोटी, मरणार कोणी नव्हतं.

पण उद्या तो पोरगा खऱ्या विमानात बसणार होता. आणि त्याच्या शेजारी जो बसेल, त्याचा "कन्फर्म" कोणी विकत घेतलेला असेल तर? मग दुसरी सीट कशाला हवी? मग वाळू भरलेली गोणीच पुरे.

"मी हात बघितल्याशिवाय कन्फर्म म्हणणार नाही," मी म्हणाले.

"हे बघ." आता तो मऊ नव्हता. "हाच तुमच्या वयाच्या लोकांचा प्रॉब्लेम आहे. तुम्हाला अजून वाटतं, तुम्ही कॅप्टन आहात. तू कॅप्टन नाहीस. तू कॅप्टनच्या जागेवर बसली आहेस. आम्हाला त्या सीटवर फक्त एक देह हवाय."

देह.

गोणीचं लॉगबुक असतं का रे?

तीस वर्षं मधून गळून पडली. सगळं एकदम समजलं. मला वाटत होतं, मी गोणी होते ते गरीब होते म्हणून, मुलगी होते म्हणून, आडनाव तसं होतं म्हणून. आणि मग शिकले, पट्ट्या मिळवल्या, समुद्र ओलांडला, की ते संपलं. संपलं नव्हतं. ज्यांच्या हातात विमान असतं त्यांना मागे कोणीतरी वजन म्हणून लागतंच. तेव्हा आडनाव चाललं, आता वय चाललं. कारण ते शोधतात. आपण फक्त सीटवर असायचं. आणि गेले तीन महिने तिथे मला कोणी बांधलं नव्हतं. पट्टा मी स्वतः लावत होते.

मी पट्टा सोडला.

"काय करतेस? अजून अर्धं सेशन आहे."

"मला उमेदवार म्हणून बसवा," मी म्हणाले, "नाहीतर पूल खाली करा."

पुतण्या त्याच्या गुडघ्यांकडे बघत होता.

रागानं उठून ताडकन निघून जावं, अशी सोय सिम्युलेटरमध्ये नसते. आधी पेटी खाली बसते, मग पूल हळूहळू उतरतो, मग हिरवा दिवा लागतो. तोवर दाराशी उभं राहावं लागतं. मी उभी राहिले. पाठीमागे तीन पुरुष. चीफ पायलट फोनवर ओर्लाला म्हणत होता, "दुसरा कोणी आहे का? लगेच?"

हिरवा दिवा लागला. मी पूल ओलांडला.

खाली पॅट उभा होता. दुपारच्या सेशनसाठी लवकर आला होता. ओर्लानं त्याला आधीच सांगितलं असावं, कारण तो पुलाच्या दिशेनं निघाला होता. आम्ही समोरासमोर आलो.

"पॅट, ते म्हणतात, न बघता कन्फर्म म्हण."

तो थांबला. त्याचा चेहरा लाल झाला. मग तो माझ्या शेजारून गेला. माझ्याकडे न बघता. पूल वर गेला आणि पेटी पुन्हा हलायला लागली.

मी त्याला दोष दिला नाही. आजही देत नाही. पण ती पेटी हलताना बघितली आणि एक गोष्ट लख्ख दिसली. एक गोणी उठली, दुसरी बसली. त्यांचं काही अडलं नाही. मी एकटी उठून काही होणार नव्हतं. या वेळी आईच्या मशिनवर शिवून भागणार नव्हतं.

घरी आले. सुनीलनं विचारलं, "झाली परीक्षा?"

"नाही. आणि होणारही नाही."

त्यानं भात लावला. मी बेडरूममधलं पोस्टर बघितलं. काढलं नाही. सुटलेला कोपरा पुन्हा चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शर्टाला इस्त्री केली. चार पट्ट्यांचा. वर गणवेशाचा कोट आणि टोपी घातली. ऑफिसं उघडल्यावर ओर्लाला फोन केला. म्हणाले, "उरलेली वर्षं किती, हे तू मला फोनवर विचारलं होतंस. तुमच्या भरतीविरुद्ध वयाच्या भेदभावाची तक्रार मी आज करतेय. तुझं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय." ती म्हणाली, "अगं, कशाला? तुझंच नाव खराब होईल. या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात." मी म्हणाले, "मीही ओळखते," आणि फोन ठेवला.

मग गाडी काढली आणि सँट्रीला गेले. आत गेले नाही. पार्किंगच्या तोंडाशी उभी राहिले. वारा होता. टोपी हातानं धरावी लागत होती.

पॅटची व्हॅन आली. मला बघून त्यानं काच खाली केली.

"घरी जा," तो म्हणाला. "प्लीज. तुझा गणवेश बघवत नाही."

"आत जायचं तर उमेदवार म्हणून जा. तसं त्यांना सांग. आपण कोणीच बसलो नाही तर त्यांची पेटी हलणार नाही."

"मला नोकरी हवीय."

"मलाही."

त्यानं काच वर केली. थोडा वेळ इंजिन चालू ठेवून बसला. मग व्हॅन लावली आणि मान खाली घालून आत गेला.

मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळानं दुसरी गाडी वळून आत आली. चालवणाऱ्याचे केस पांढरे होते. मागच्या सीटवर इस्त्री केलेला शर्ट टांगलेला होता. मी त्याला ओळखत नव्हते.

चालत गेले आणि त्याची काच वाजवली.